वाढत्या अंगाची गाडी

मुलांचा गणवेश शिवायला टाकताना आपल्याकडे शिंप्याला एक सूचना हमखास दिली जाते : "जरा वाढत्या अंगाचा ठेवा." पहिल्या वर्षी तो ढगळ होतो, दुसऱ्या वर्षी नेमका बसतो, तिसऱ्या वर्षी आखूड पडतो आणि या तीन वर्षांत कोणाचे काही बिघडत नाही. हा हिशेब आमच्या इतका अंगवळणी पडला होता, की तो कोठे लावू नये हे आम्हाला एका अपघातानंतर कळले.

२०१६ साली आम्ही संशोधनाच्या निमित्ताने अमेरिकेत ॲरिझोना राज्यात होतो. फिनिक्स येथे आमचे मावसभाऊ राहतात. त्यांचा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. अंगाने बारीक, वजन जेमतेम चाळीस किलो. शहराबाहेर पसरलेल्या वाळवंटात सुटीच्या दिवशी 'क्वाड' पळवणे हा तेथील मुलांचा मोठा शौक. क्वाड म्हणजे मोटारसायकलसारखे हँडल, घोड्यावर बसल्यासारखी मांड टाकून बसायची बैठक आणि खाली चार फुगीर चाके. शेतीकामाच्या क्वाडला पुढे-मागे सामान ठेवण्याचे कठडे असतात. शर्यतीच्या धाटणीचा क्वाड, ज्याला तेथे 'स्पोर्ट क्वाड' म्हणतात, तो हलका, बुटका आणि रुंद असतो. त्याचे फक्त मागचे चाकजोड इंजिनाने फिरते. आमच्या पुतण्याला अर्थातच दुसरा हवा होता.

दुकानात दोन पर्याय होते. एक नव्वद सीसीची मुलांची गाडी, आणि दुसरी अडीचशे सीसी वर्गातली, थोडी वापरलेली, जवळजवळ त्याच किमतीत मिळणारी. "काका, नव्वदची म्हणजे बाळांची गाडी. मित्र हसतील मला," पुतण्या म्हणाला. दादा आमच्याकडे वळले. "अरे, फिजिक्सवाला तू. तूच सांग." अडीचशेच्या गाडीवर 'सोळा वर्षांखालील मुलांनी चालवू नये' अशी ठळक चिठ्ठी होती. ती आम्ही वाचली. आणि तरीही म्हणालो, "दोन वर्षांत सोळाचा होईलच. वाढत्या अंगाची घेऊन टाका."

पहिल्याच रविवारी, तिसऱ्या तासाला, एका कोरड्या ओहोळाचा काठ तो तिरका चढत होता. वेग सायकलीइतकाच होता. वरच्या बाजूचे चाक दगडावर चढले, गाडी खालच्या बाजूला कलंडली आणि त्याच्या अंगावर आली. गळ्याजवळचे, कॉलरबोन म्हणतात ते हाड मोडले. शिरस्त्राण होते म्हणून तेवढ्यावर निभावले.

त्यानंतर आम्ही त्या चिठ्ठीचा इतिहास वाचायला घेतला. 'सोळा' हा आकडा कोठून आला? 'नव्वद' कोठून आला? नवशिक्याला पहिली गाडी कोणती द्यावी, हा प्रश्न आमच्या आधी अनेकांना पडला होता. त्यावर न्यायालयात दावे झाले, नियम झाले, बदलले. त्या बदलांत एक गोष्ट शिक्षकांच्या कामाची आहे : धोका मोजायचा तर नेमके काय मोजायचे?

सुरुवात हिवाळ्यापासून करावी लागते. १९६७ साली अमेरिकेतील होंडाच्या विक्रेत्यांची तक्रार अशी होती, की बर्फ पडू लागले की मोटारसायकली खपत नाहीत; हिवाळ्यात विकता येईल असे काहीतरी द्या. हे काम जपानमध्ये ओसामु ताकेउची या अभियंत्याकडे आले. त्यांनी लहानशा मोटारसायकलीचे भाग घेऊन दोन, तीन, चार, पाच, सहा चाकांचे नमुने बांधून पाहिले. त्या काळच्या छोट्या इंजिनाची ताकद बेताचीच होती. तेवढ्या ताकदीत बर्फावर आणि चिखलात तीन चाकांची मांडणी सर्वांत बरी वळे. रुतण्याचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. तेव्हा अमेरिकेत 'ॲम्फिकॅट' नावाचे पाण्यात आणि जमिनीवर चालणारे सहा चाकांचे वाहन मिळत असे. त्याचे फुग्यासारखे, अगदी कमी दाबाचे टायर ताकेउचींच्या हाती आले आणि काम झाले. मोटारीच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला तीस पौंडांच्या आसपास दाब असतो. या टायरमध्ये दोन-अडीच पौंड. वाहनाचे वजन मोठ्या क्षेत्रफळावर पसरते, म्हणून ते रुतत नाही. वाळूत उंटाचा पसरट पाय जे करतो तेच हे.

१९७० साली ही तीनचाकी 'यूएस ९०' या नावाने बाजारात आली आणि लवकरच 'एटीसी ९०' या नावाने ओळखली जाऊ लागली. इंजिन ८९ सीसीचे, ताकद सुमारे सात अश्वशक्ती, किंमत ५९५ डॉलर. तिला स्प्रिंगा नव्हत्याच. खड्ड्यांचे धक्के टायरच झेलत. पुढे शेतकऱ्यांनी ती गुरांमागे फिरायला घेतली, शिकाऱ्यांनी रानात नेली. लहान मुलांसाठी सत्तर सीसीची धाकटी बहीण निघाली. १९८१ साली होंडाने २५० सीसीची, थेट शर्यतीच्या मोटारसायकलीची धाटणी असलेली तीनचाकी आणली. फुरसतीत बर्फावर फिरण्याची गाडी दहा-अकरा वर्षांत वेगाची गाडी झाली होती. चाके मात्र तीनच राहिली.

तीन चाकांत बिघडते काय? वर्गात करता येण्याजोगा एक प्रयोग सांगतो. जाड पुठ्ठ्याचा एक आयत आणि एक समद्विभुज त्रिकोण कापा. त्रिकोणाचा पाया आयताच्या रुंदीइतका आणि उंची आयताच्या लांबीइतकी ठेवा. आयताच्या चारही कोपऱ्यांना आणि त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांना खालून सारख्या उंचीची खोडरबरे चिकटवा. दोन्हींवर एकसारखी काड्याची पेटी उभी चिकटवा. जागा एकच ठेवा : पुढच्या टोकापासून लांबीच्या दोन तृतीयांश अंतरावर, मध्यरेषेवर. पेटीच्या वरच्या टोकाला एखादे नाणे लावा म्हणजे गुरुत्वमध्य वर जाईल. आता दोन्ही एका फळीवर आडवी ठेवून फळी हळूहळू तिरकी करा. त्रिकोण आधी कलंडतो. कारण गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली लंबरेषा आधाराच्या आकृतीबाहेर गेली की वस्तू उलटते, आणि त्रिकोणाची रुंदी पुढे निमुळती होत जाते. पेटीच्या जागी ती पायाच्या दोन तृतीयांशच उरलेली असते.

वळणावर हाच खेळ होतो. फळीच्या उताराचे काम तेथे वळण्यासाठी लागणारे त्वरण करते. सोयीसाठी आकडे घेऊ. मागच्या दोन चाकांमधले अंतर ९६ सेंटीमीटर, म्हणजे निम्मे ४८. स्वारासह गुरुत्वमध्याची उंची ५९ सेंटीमीटर. चारचाकी गाडीसाठी ४८ ला ५९ ने भागले की ०.८१ येतात, म्हणजे बाजूचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.८१ पट झाले की आतली चाके उचलली जातात. आठ मीटर त्रिज्येच्या वळणावर हे ताशी सुमारे २९ किलोमीटरला घडेल. तीनचाकीसाठी ४८ च्या जागी ३२ घ्यावे लागतात, आणि वेग ताशी २३ किलोमीटरवर येतो. त्यात स्वाराने वळणावर ब्रेक दाबला, तर भार पुढच्या निमुळत्या बाजूकडे सरकतो आणि गणित आणखी बिघडते. शिवाय नवशिका स्वार सायकलीच्या सवयीने तोल सावरायला पाय जमिनीवर टेकवी, आणि मागचे चाक त्या पायावरून जाई.

आणखी एक भानगड होती, आणि ती चार चाकांच्या स्पोर्ट क्वाडमध्येही तशीच आली. यांची मागची दोन्ही चाके एकाच सलग आसावर पक्की बसवलेली असतात. मोटारीत वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देणारी 'डिफरन्शियल' नावाची दातेरी योजना असते. ती येथे नसते. काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा दीड मीटर जास्त अंतर कापायचे असते. (वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. तो चाकांमधले अंतर गुणिले वळणाचा कोन इतका असतो. विद्यार्थ्यांना सिद्ध करायला द्यावा, दोन ओळींचे काम आहे.) पण आस तर दोघांना सारखेच फिरवणार. मग एका चाकाने घसरले पाहिजे. नाही घसरले तर गाडी वळायलाच तयार होत नाही, सरळ पुढे रेटत राहते. म्हणून वाहनाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत सांगितलेले असे, की शरीर वळणाच्या आत झुकवा, पण पायाचा भार बाहेरच्या पायरीवर द्या. म्हणजे आतले चाक हलके होऊन घसरेल. वाचायला सोपे, करायला अवघड. दुचाकी चालवणाऱ्याच्या अंगात मुरलेली सवय याच्या उलट असते.

थोडक्यात, हे वाहन बसून चालवायचे नसून शरीराने चालवायचे होते. जाहिरातींत मात्र ते सगळ्या कुटुंबाचे, कोणालाही सहज जमणारे म्हणून दाखवले जाई. अमेरिकन सरकारचा पुढे जो दावा झाला त्यात हाच आक्षेप होता.

१९८०च्या दशकात या गाड्या लाखोंनी खपल्या आणि इस्पितळांत रांगा लागल्या. अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी एक सरकारी आयोग आहे. त्याच्या अंदाजाप्रमाणे एकट्या १९८५ साली पंच्याऐंशी हजारांहून अधिक जखमींना तातडीच्या उपचारांसाठी इस्पितळात जावे लागले. त्यांतले निम्म्याच्या जवळपास सोळा वर्षांखालचे होते. आयोगाने त्याच वर्षी नियम करण्याच्या दृष्टीने हालचाल सुरू केली, देशभर सुनावण्या घेतल्या, आणि अपघातांचा बारकाईने अभ्यास केला. त्यात असे दिसले की तीनचाकीचा धोका चारचाकीपेक्षा स्पष्टपणे अधिक आहे, इंजिन मोठे तसा धोका वाढतो, आणि नवशिक्याचा पहिला महिना सर्वांत वाईट.

चार चाके दरम्यान आलीच होती. सुझुकीने १९८२च्या सुमारास पहिला क्वाड काढला, १२५ सीसीचा, शांत स्वभावाचा. पण १९८५ साली त्याच कंपनीने 'क्वाडरेसर' आणला, २५० सीसी, द्रवाने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन, आणि स्पोर्ट क्वाड हा वर्ग जन्माला आला. पुढच्या वर्षी होंडाचा, १९८७ साली यामाहाचा 'बॅन्शी'. बॅन्शीचे दोन सिलिंडरचे सुमारे ३५० सीसीचे इंजिन यामाहाच्या आरडी ३५० मोटारसायकलीच्या घराण्यातले. त्याच घराण्याची एक शाखा आपल्याकडे 'राजदूत ३५०' म्हणून १९८३ पासून विकली गेली होती. ज्यांनी ती गाडी चालवली किंवा नुसती ऐकली आहे, त्यांना बॅन्शीचा स्वभाव सांगायला नको. खालच्या फेऱ्यांवर मरगळलेली, आणि एकदा फेरे चढले की हातातून निसटू पाहणारी.

डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकन सरकारने होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलॅरिस या पाच कंपन्यांवर दावा दाखल केला, आणि त्याच वेळी तडजोडीचा मसुदाही मांडला. एप्रिल १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मुदत दहा वर्षांची. तीनचाकींची विक्री बंद. नव्या गिऱ्हाइकाला मोफत प्रशिक्षण. गाडीवर इशाऱ्याच्या चिठ्ठ्या. आणि वयाची वाटणी : नव्वद सीसीहून मोठी गाडी सोळा वर्षांखालच्यांसाठी नाही, सत्तर ते नव्वदची बारा वर्षांखालच्यांसाठी नाही. आमच्या पुतण्याच्या गाडीवरच्या चिठ्ठीची जन्मपत्रिका ही अशी आहे. लोकांच्या घरी आधीच गेलेल्या तीनचाकी मात्र परत घेण्याचे बंधन कंपन्यांवर घातले गेले नाही. त्यावर तेव्हाही बरीच टीका झाली, आणि आमच्या मते ती रास्त होती. जो धोका नव्या गिऱ्हाइकासाठी अमान्य, तो जुन्या गिऱ्हाइकासाठी मान्य कसा?

तडजोडीनंतर शर्यतीच्या धाटणीचे बरेच क्वाड बाजारातून गेले. होंडाचा २५० चा टू-स्ट्रोक १९८९ला थांबला, सुझुकीचा १९९२ला. जे टिकले त्यांत यामाहाचा 'ब्लास्टर' होता. १९८८ पासून २००६ पर्यंत विकला गेलेला, हवेने थंड होणारा, दोनशे सीसीच्या आतला टू-स्ट्रोक. अमेरिकेतील दोन पिढ्यांतल्या कित्येकांचा हा पहिला स्पोर्ट क्वाड. १९९९ साली होंडाने चारशे सीसीचा फोर-स्ट्रोक आणून हा वर्ग पुन्हा जागा केला. २००१ साली २५० वर्गातला एक क्वाड आणला, ज्यात क्लचचा दांडा न दाबताही गाडी सुरू करता आणि गियर बदलता येत असे. नवशिक्याच्या डोक्यावरचे एक काम त्याने कमी केले. २००४ साली यामाहाने ४५० वर्गातला थेट शर्यतीचा क्वाड आणला, आणि पुढच्या काही वर्षांत इतर कंपन्यांनीही त्या वर्गात उडी घेतली.

आता आकड्यांकडे पाहू. इस्पितळात जाणाऱ्यांची संख्या १९९७च्या सुमारास पन्नास हजारांच्या थोडी वर इतकी उतरली. तीन चाके गेली, प्रश्न सुटला, असे वाटावे. पण २००७ साली तीच संख्या दीड लाखांच्या घरात पोचली. चाके चार असूनही! येथे सावध राहायला हवे. जखमींची संख्या हा केवळ अंश आहे. छेदात गाड्या किती, त्या किती तास चालल्या, कोणी चालवल्या हे येते, आणि त्या दहा वर्षांत गाड्याही खूप वाढल्या. अंशावरून टाळ्या वाजवू नयेत आणि अंशावरून छातीही पिटू नये. तरी मुलांचा वाटा मोठाच राहिला, आणि आयोगाला आपल्याच नियमाकडे पुन्हा पाहावे लागले.

आम्हाला या इतिहासातला सर्वांत रंजक भाग हाच वाटतो. १९८८चा नियम सीसीवर उभा होता. सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये दट्ट्या जेवढी जागा झाडतो तेवढे घनफळ. ते कारखान्याच्या कागदावर छापलेले असते, वाद न होता मोजता येते, नियमात लिहायला सोयीचे. पण ते धोक्याचे माप आहे का? एकाच सीसीचे टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक इंजिन सारखी ताकद देत नाही. गियर बदलले की वेग बदलतो. आणि सीसीच्या मागोमाग गाडीचा सांगाडाही लहान-मोठा होत असे. सत्तर-नव्वद सीसीची गाडी म्हणजे आखूड, बुटकी गाडी. तेरा-चौदा वर्षांचा थोराड मुलगा तिच्यावर गुडघे हनुवटीला लावून बसे. कंटाळून तो काय करी? बापाची चारशेची गाडी बाहेर काढी. नियम ज्या मुलाला वाचवण्यासाठी केला होता, त्यालाच तो मोठ्या गाडीकडे ढकलत होता.

२००८ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा केला आणि एप्रिल २००९ पासून बंधनकारक मानक लागू झाले. त्यात मुलांच्या गाड्यांची वाटणी सीसीऐवजी कमाल वेगावर केली गेली. सहा वर्षांवरील मुलाची गाडी पूर्ण मोकळी सोडली तरी ताशी १५ मैलांपलीकडे, म्हणजे २४ किलोमीटरपलीकडे जाता कामा नये, आणि दुकानातून बाहेर पडताना ती १० मैलांवर आवळलेली हवी. दहा आणि बारा वर्षांच्या वर्गांना ३० मैलांची मर्यादा, सुरुवातीला १५ वर आवळून. चौदा वर्षांवरील मुलांसाठी एक मधला वर्ग आला, ३८ मैलांचा, सुरुवातीला २० वर आवळलेला. आवळणे म्हणजे बहुधा अंगठ्याने दाबायच्या वेगाच्या खटक्याखाली बसवलेला एक स्क्रू. तो जितका आत, तितका खटका कमी दबतो. मूल शिकत जाईल तसा पालकाने तो थोडा थोडा सैल करायचा. आम्हाला ही कल्पना फार आवडली. इंजिन तेच, सांगाडा तोच, आणि वाढत्या अंगाची सोय एका स्क्रूत!

आमच्या पुतण्याला नेमका हा मधला वर्ग हवा होता. पण त्या दुकानात त्यातली एकही गाडी नव्हती, आणि असा वर्ग असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

मात्र वेग हे माप घेतल्याने सगळे सुटले असे नाही. आमच्या घरचा अपघात सायकलीच्या वेगाला झाला. ओहोळाच्या काठावर वेगाचा काही संबंधच नव्हता. मग कशाचा होता? पुन्हा तेच साधे गणित करू. गाडी १७० किलोची आणि तिचा गुरुत्वमध्य ४५ सेंटीमीटरवर. तिच्यावर साठ किलोचा प्रौढ बसला तर, त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटरवर धरून, एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे ५९ सेंटीमीटरवर येतो. चाळीस किलोचा मुलगा बसला तर साडेपंचावन्नवर. म्हणजे नुसते बसून राहायचे असेल तर हलका मुलगा अधिक स्थिर! आम्हाला हे उत्तर प्रथम आले तेव्हा आम्ही कागद दोनदा तपासला.

पण क्वाडवर कोणी नुसते बसून राहत नाही. उतारावर गाडी कलू लागली की स्वाराने चढाच्या बाजूला अंग टाकायचे असते. प्रौढाने अंग २५ सेंटीमीटर सरकवले तर एकत्रित गुरुत्वमध्य साडेसहा सेंटीमीटर सरकतो. मुलाचे हात-पाय आखूड. तो वीस सेंटीमीटर सरकला असे धरले, तर गुरुत्वमध्य चारच्याही आत सरकतो. तोच मुलगा ११५ किलोच्या छोट्या गाडीवर तेवढाच झुकला, तर गुरुत्वमध्य पाच सेंटीमीटरांहून जास्त सरकतो. प्रश्न इंजिनाचा नाही, गाडीचे वजन आणि स्वाराचे वजन यांच्या गुणोत्तराचा आहे. छोट्या गाडीला मुलाचे म्हणणे ऐकू येते. मोठी गाडी त्याला सामान समजते.

आणि झुकण्यासाठी पाय पायरीवर रोवलेला हवा. आमच्या पुतण्याचा रोवलेला नव्हता. तो बोटांवर बसला होता. हे आम्ही दुकानात पाहिले होते. गणवेशाची बाही बोटांपर्यंत येते तशीच ती गोष्ट आम्हाला वाटली होती.

शरीराचे माप घेणारा नियम कोठेच नाही असे नाही. शेजारच्या कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन कायद्यात रस्त्याबाहेर चालणाऱ्या वाहनांसाठी एक कलम आहे : चालकाचे हात-पाय सर्व नियंत्रणांपर्यंत पोचले पाहिजेत आणि ती त्याला वापरता आली पाहिजेत. ना सीसी, ना मैल. तेथील प्रशिक्षक हे माप पाच मिनिटांत घेतात, आणि सुटीत नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेल्या शिक्षकांनाही ते घेता येईल. तेथे अशा गाड्या भाड्याने फिरवल्या जातात. मुलाला पायऱ्यांवर उभे करायचे. बैठक आणि मांड्यांचा सांधा यांत साधारण तीन ते सहा इंच मोकळी जागा हवी. कमी असेल तर गाडी मोठी, फार जास्त असेल तर लहान. बसल्यावर मांडी जवळजवळ आडवी हवी. हँडल एका बाजूला पूर्ण वळवायचे आणि बाहेरचा हात मुठीवर राहतो का ते पाहायचे. त्याच स्थितीत उजवा अंगठा खटक्यापर्यंत पोचतो का, बोटे ब्रेकच्या दांड्याला नीट कवेत घेतात का, हे पाहायचे. इंजिन बंदच ठेवून हे सगळे होते. एकही उत्तर नकारार्थी आले तर मूल त्या गाडीवर बसणार नाही, हे आधी ठरवून टाकावे, कारण नंतर मुले फार चांगला युक्तिवाद करतात.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियात, शेतीच्या क्वाडचा वाद पेटला होता. २०१९ साली तेथील सरकारने सुरक्षा मानक आणले. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात, ऑक्टोबर २०२१ पासून, शेतीच्या नव्या क्वाडला स्थैर्याची किमान पातळी गाठणे आणि उलटल्यावर चालकाला वाचवणारे साधन बसवणे सक्तीचे झाले. होंडा आणि यामाहा यांनी हे मान्य न करता तेथील शेतीच्या क्वाडची विक्रीच थांबवली. स्पोर्ट क्वाड आणि मुलांच्या गाड्या या सक्तीतून वगळल्या होत्या. पाठीमागे कमान उभी केली तर स्वाराला अंग टाकता येत नाही, हा जुना आक्षेप तेथे पुन्हा निघाला होता. म्हणजे वाद फिरून स्वाराच्या शरीरापाशीच आला.

हाड दोन महिन्यांत जुळले. दादांनी अडीचशेची गाडी विकली नाही, गॅरेजच्या भिंतीला लावून ठेवली, आणि ओळखीच्या एका कुटुंबाकडून नव्वदची जुनी गाडी आणली. पुतण्या दोन वर्षे ती चालवत होता, उभा राहून. मित्र पहिले दोन आठवडे हसले, म्हणे. तोवर आम्ही भारतात परतलो होतो. तो सोळाचा झाला त्या दिवशी त्याने अडीचशेवरची धूळ पुसली, वर बसला, हँडल पूर्ण वळवले आणि दादांकरवी फोटो काढून आम्हाला पाठवला. अंगठा खटक्यावर होता. खाली त्याने लिहिले होते, "काका, पोचला." खांदा अजून थंडीत दुखतो, असे वहिनी सांगतात.